टोमॅटिलो लाल होईस्तोवर

३ जानेवारी, सकाळ
ऑनलाइन बी मागवून लावलेले टोमॅटिलो, म्हणजे परदेशी टोमॅटोच, धरले. प्रत्येक फळाला पातळ कागदासारखं टरफल. अख्ख्या अमरावतीत दुसऱ्या कुणाकडे नसतील. रविवारी १८ तारखेला लेकीचे सासरे उत्तमराव अकोल्याहून जेवायला येताहेत. ताटात लालबुंद काप ठेवणार. मागच्या वेळी माझ्या वांग्यांना नुसतं 'बरी आहेत' म्हणाले होते. विसरलो नाही.

५ जानेवारी
टरफलं फाटायला लागली. आत फळ हिरवंच. मंजुषा म्हणे, फाटलं म्हंजे झालं, तोडा ना, कावून वाट पाहून राहिले? बायकोला काय समजावणार! टोमॅटो म्हणजे लालच. पाकिटावरही 'हिरवीच तोडा' लिहिलंय, पण त्या सूचना नवशिक्यांसाठी असतात.

८ जानेवारी
फळं कमी दिसताहेत. कुंपणापलीकडे शेजारी ओमप्रकाश उगाच खाकरत होता. संशय पक्का.
दुपारी भाकरीबरोबर नवीन हिरवी चटणी. आंबट, तिखट, एकदम झकास! कशाची म्हणून विचारलं, तर मंजुषा म्हणे, घरचीच. ते तर आहेच. बाजारची आपण खातच नाही.

११ जानेवारी
आणखी गेली. वीस वर्षांचा शेजार आणि हा माणूस असा उलटला! मन फार दुखलं. आजपासून अबोला. कुंपणावरून विचारत होता, भाऊ, तब्येत बरी नाई काय? काय हा निर्लज्जपणा!
चटणी दोनदा घेतली.

१४ जानेवारी
ओमप्रकाश तिळगूळ घेऊन आला. तिळगूळ घेतला, गोड बोललो नाही.
एकच फळ उरलंय. त्याला जुना रुमाल बांधला.

१८ जानेवारी, रात्री
राखलेलं फळ लाल झालंच नाही. पिवळं, मऊ पडलं. तरी कापून वाढलं. उत्तमरावांनी एक फोड चघळून विचारलं, काकडी हाय काय हे? मग चटणीवर तुटून पडले. मंजुषाने सगळ्यांदेखत सांगितलं की यायच्याच झाडाची हाये, फुटून खाली पडले का मी उचलत होती, सडू देऊ काय? ओमप्रकाशभाऊले बी वाटी-वाटी देली.
माझ्याच घरात, माझ्याच ताटात दगा. आणि मी बोटं चाटत होतो.

१९ जानेवारी
मंजुषा म्हणते, आता तरी ओमप्रकाशशी बोला. मुळीच नाही. चटणी कशाची ते त्याला माहीत होतं आणि वर माझी तब्येत विचारत होता.
दुपारी चटणी मागितली. संपली. बरणी उत्तमरावांनी अकोल्याला नेली. ओमप्रकाशकडे थोडी शिल्लक आहे म्हणतात. अबोला तत्त्वाचा आहे, म्हणून वाटी मंजुषाच्या हातात दिली.
मंजुषा म्हणे, तुमीच जाऊन मागा.