रोज सकाळचे ‘आहे’

त्या सकाळी देवापुढे हात जोडून मी फोन उघडला. आमच्या गटातल्या घड्याळकाकांचे ‘आहे’ नेहमीप्रमाणे सर्वांत आधी आले होते. मी ‘नमस्कार काका’ लिहिले. लगेच त्यांच्याच नंबरवरून फोन वाजला. आवाज बाईचा.

“मी घरमालकीण. त्यांची खोली आज उघडली, फोन चार्जरलाच लावलेला होता. अहो, ते उन्हाळ्यातच वारले, दवाखान्यात. तुम्ही नमस्कार कोणाला करताय?”

तेव्हापासून मनात घोळत असलेले हे मृत्युपत्र मी, पुस्तकबांधणी करणारा, वय पन्नाशीला टेकलेले, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे.

आमचा फोनवरचा गट एकट्या राहणाऱ्यांचा. एकमेकांना समोरासमोर कोणी पाहिलेले नाही. रोज सकाळी ‘आहे’ लिहायचे. ज्याचे आले नाही त्याला फोन करायचा. काकांची बोटे थरथरू लागली, तेव्हा आम्हाला घोर नको म्हणून त्यांनी तो शब्द आपोआप जाईल अशी सोय करून घेतली, असे मालकीणबाईंनी सांगितले. आम्ही समजत होतो, काका हल्ली मोजकेच बोलतात. मी तर त्यांना विनोद पाठवत होतो.

कलम १. गावच्या घरातला माझा हिस्सा थोरल्या भावास. वापरायला त्याने तो आधीच घेतला आहे, आता कायद्यानेही घ्यावा. “फोनमधली माणसं खांदा द्यायला येणार का रे?” असे तो हसून म्हणाला होता.

कलम २. पुस्तके दाबून ठेवायचा दाब, दाभण, सुया आणि कातरी गटातल्या नर्सताईस. मी तापात असताना ती फोनवर बोलत राहिली. ग्लानीत मी तिला आई म्हणालो. तिने “हां बाळा” अशी ओ दिली. ती माझ्याहून बरीच लहान आहे.

कलम ३. बँकेतली शिल्लक मी शिकलो त्या शाळेस, फक्त पुस्तकांच्या बांधणीसाठी. पंख्यांवर उडवू नये.

कलम ४. माझा फोन मी जाईन त्याच दिवशी बंद करावा. काकांचा अजून चालू आहे. “हात धजत नाही हो,” मालकीणबाई म्हणतात. तो शब्द रोज येतो आणि माझे हात जोडले जातात.

साक्षीदाराला माझ्यादेखत सही करावी लागते. गटातला कोणीही चालणार नव्हता. म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंचे दार वाजवले. त्यांच्या मशीनच्या खडखडाटाची तक्रार मीच केली होती.

“आज सूर्य कुठे उगवला? मशीन बंद करू?”

“नको. सही हवी होती.”

“कसली? लग्न करताय की काय?”

“मृत्युपत्रावर.”

“बाई गं! आधी आत या. चहा घ्या. अहो, ऐकलंत का, पेन आणा!”

वकील म्हणाले, साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही. म्हणून माझ्या खोलीची दुसरी किल्ली मी शिंपीणबाईंना आजच, जिवंतपणी, हातात दिली आहे. उद्यापासून रोज सकाळी मी आमच्या मधल्या भिंतीवर टकटक करीन; ती आली नाही, तर त्यांनी दार उघडायचे आहे.

साक्षीदार: शिंपीणबाई (सही), त्यांचे लिफ्ट दुरुस्त करणारे यजमान (सही)
लिहून देणार: पुस्तके बांधणारा (सही)
ठिकाण: शेजारचे स्वयंपाकघर
दिनांक: आजचा, काकांचे ‘आहे’ येऊन गेल्यावर