सिग कोण वापरतं

प्रिय आस्गर,

इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून तुला वाईट बातमीची शंका आली असेल. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आई बरी आहे. हेरिंग अजून स्वतःच मुरवते, आणि मासे बरणीत भरता भरता तुझी चौकशी करते. मग मी विषय बदलते. फोन करणार होते, पण फोनवर तू लगेच माफी मागितली असतीस आणि मी लगेच 'जाऊ दे रे' म्हटलं असतं. या वेळी मला तसं म्हणायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी अजून नगरपालिकेतच आहे, तेच सर्व्हर सांभाळते. आल्बोर्गला सायकलवाल्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत आपण राहत होतो, तेव्हा मला नोकरी लागेल यावर तुझ्याशिवाय कुणाचाच विश्वास नव्हता. तू हीटरवर पाय टाकून मला सर्व्हरची सेटिंग्ज वाचून दाखवायचास, मधेच गुणगुणायचास, चार ओळी गाळायचास आणि मी चिडायचे. मग एका ईस्टरच्या सुट्टीत तू घराबाहेर पडलाच नाहीस आणि शेवटी म्हणालास, "हे घे. मला तुझे डोळे होऊन राहायचं नाहीये, सिग्ने. मला तुझ्याशी भांडायला वेळ हवाय." संगणकासाठी तू लिहिलेली ती छोटीशी आज्ञा म्हणजे 'सिग'. आपल्या डॅनिशमध्ये सिग म्हणजे 'सांग', आणि माझ्या नावाचा अर्धा तुकडा. सिग लिहायचं, पुढे सेटिंगचं नाव लिहायचं, की उत्तराची एकच ओळ माझ्या बोटांखाली ब्रेल पट्टीवर उमटायची: किंमत काय आहे, आणि ती मुळातली आहे की कुणी बदललेली. त्याला बदलता काहीच येत नव्हतं, फक्त सांगता यायचं. मला तेवढंच हवं होतं. तू कोपनहेगनला सॉफ्टवेअर कंपनीत गेलास, मी इथे राहिले. त्याबद्दल माझी तक्रार तेव्हाही फार नव्हती.

गेल्या शरद ऋतूत आमच्याकडे तुमच्या कंपनीची नवी व्यवस्था आली. सगळं चित्रांत. रंगीत खटके, गोल, पट्ट्या. पडदा वाचून दाखवणारा माझा संगणकातला आवाज त्यावर नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत राहतो. जुन्या सर्व्हरवर सिग अजून चालतं, नव्यांवर त्याची वाट बंद केली आहे. मग बोडिल, माझ्या शेजारच्या टेबलावरची, मला वाचून दाखवायला लागली. ती निवृत्तीला आली आहे, खिशात कायम लिकोरिसच्या खारट गोळ्या, आणि जीभ तशीच. "डावीकडे वर एक चौकोन आहे, निळा. नाही, निळसर. अगं, देवालाच माहीत याला काय म्हणतात!" आम्ही हसायचो. पण आस्गर, स्वतःच्याच कामासाठी दिवसभर दुसऱ्याला हाक मारायची, आपल्यापायी तिची कॉफी थंड होऊ द्यायची, ही काय गोष्ट आहे हे तुला मी सांगायला नको.

जानेवारीत एका सकाळी घरोघरी जाणाऱ्या नर्सबाईंच्या फोनवर कामाचे निरोप गेलेच नाहीत. निरोप लगेच पाठवायचा खटका मीच आदल्या दिवशी तपासला होता, म्हणजे बोडिलला विचारलं होतं, आणि ती "चालू" म्हणाली होती. तो करडा होता. करडा म्हणजे बंद, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. व्हिगो नावाचे एक म्हातारे गृहस्थ इन्सुलिनची वाट बघत स्वयंपाकघरात बसून राहिले. दुपारी शेजारणीने दार उघडलं तेव्हा ते जमिनीवर होते. वाचले. मी दवाखान्यात जाऊन भेटले. मला म्हणाले, "तू कशाला आलीस पोरी, तुला तर दिसतही नाही." त्यांना बिचाऱ्यांना धीरच द्यायचा होता. बाहेर येऊन मी बस थांब्यावर उभी राहिले आणि दोन बस सोडून दिल्या.

चौकशीच्या अहवालात माझं नाव आलं. बोडिल फ्लेमिंगकडे, म्हणजे आमच्या साहेबाकडे, तरातरा गेली आणि म्हणाली, "त्या दिवशी आंधळी मी होते, ती नाही. माझं नाव घाल." त्याने घातलं नाही. फ्लेमिंग वाईट माणूस नाही, हीच तर अडचण आहे. त्याने मला खुर्ची दिली, केक कापला, आणि म्हणाला, "तुला खाली टेलिफोनवर बसवू या का? तुझा आवाज किती छान आहे." मी म्हटलं, "मला सर्व्हर छान येतात, फ्लेमिंग. नव्यांवर सिगची वाट उघडा, मला आणखी काही नको." त्याने कंपनीला विचारायचं कबूल केलं, आणि खरंच विचारलं.

उत्तर आलं ते त्याने माझ्याकडे पाठवलं. बोटांखाली आधी वाक्य आलं: 'हे जुनं साधन आता कोणीही वापरत नाही, त्यामुळे ते चालू ठेवण्याचं कारण दिसत नाही.' मी बोटं पुढे सरकवली आणि खाली सहीत तुझं नाव लागलं. मी पट्टीवरून बोटं उचलली. बोडिलने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तू मुद्दाम लिहिलंस असं मला वाटत नाही. कामाच्या गर्दीत कुणी विचारलं असेल, तू आठवून बघितलं असशील, आणि कोणी आठवलं नसेल. बहुधा असंच झालं असेल, आणि तेच मला सहन होत नाही.

टेलिफोनवर बदलीच्या कागदावर मी सही केलेली नाही. कामगार संघटनेकडे गेले. बुधवारी सुनावणी आहे, आणि फ्लेमिंगच्या बाजूने पुरावा म्हणून एकच कागद आहे, तुझा. संघटनेची बाई म्हणते, ज्याने ते साधन लिहिलं तोच असं म्हणत असेल तर आपल्याला सांगावं लागेल की त्याने ते कुणासाठी लिहिलं होतं. म्हणजे ती खोली, तो ईस्टर, सगळं परक्या माणसांसमोर मांडायचं. मी मांडणार आहे. तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. दया नको, माझ्यासाठी खोटंही बोलू नकोस. बुधवारच्या आधी ते वाक्य दुरुस्त करायचं की मी ते तुझ्या नावासकट मोठ्याने वाचायचं, हे तू ठरव. दुरुस्त करायचं असेल तर माहिती अशी आहे: सिग अजून वापरात आहे. मी वापरते. आज सकाळीही वापरलं.

एके काळची तुझी,
सिग्ने