सात नंबरच्या टोपलीची साक्ष

मी गोरक्ष रंगनाथ वाकळे, वय ७१, निवृत्त वेल्डर, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे, डोकं मात्र शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी मालनबाईचा आहे, पण तो चव्वेचाळीस वर्षांचा जुना असल्याने धरू नये.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मालनबाईची. तिच्या पश्चात मुलगी पंकजाची.

२. वेल्डिंगचं मशीन पंकजाकडे राहावं, विकू नये. सार्वजनिक बागेतल्या खेळाच्या नऊ टोपल्या मी त्यावरच जोडल्या. लोखंडी खांब, त्यावर टोपली आणि वर राहात्याच्या बाजारातून आणलेल्या गुरांच्या साखळ्या. लांबून प्लास्टिकची तबकडी फेकायची, ती साखळीला थडकून टोपलीत पडली पाहिजे. पंकजा शाळेत खेळ शिकवते, हे खूळ तिनेच आणलं. साखळी तुटली तर सांधावी, तार गुंडाळून वेळ मारून नेऊ नये.

३. माझ्या पाचही तबकड्या पंकजाच्या. बाग गर्दीची आहे. आधी "वाट द्या" म्हणावं आणि चालणाऱ्यांनी हात वर केल्यावरच फेकावं. जे गृहस्थ आम्हाला 'ताटफेके' म्हणत, त्यांना माझ्या तेराव्याला आवर्जून बोलवावं आणि पोटभर वाढावं.

४. मित्र फक्रुद्दीन बागवान, सायकल दुरुस्तीवाले, यांना मी काहीही देत नाही. कारण पुढे लिहितो.

आमच्यात रिवाज आहे. पहिल्याच फेकीत टोपली झाली तर कडुलिंबाखालच्या फळीवर नाव रंगवायचं, पण जोडीदार "पाहिलं" म्हणाला तरच. फळी कोरीच होती. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सात नंबरवर आम्ही दोघेच होतो. टोपली साठ पावलांवर, मध्ये दोन झाडं आणि चालायचा रस्ता. फक्रुद्दीनने तबकडी सोडली. ती झोपाळ्यांकडे निघाली. मग कोणी हाक मारल्यासारखी हवेतच कलली, दोन्ही झाडांमधून सावकाश वळली आणि साखळी खळाळली. एवढं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"गोरक्ष, बघितलंस ना?" त्याने विचारलं.

"न्हाई. चपलेचा पट्टा लावत हुतो," मी म्हणालो.

सगळ्या टोपल्या माझ्या हातच्या आणि पहिलं नाव त्याचं लागणार, हे मला सोसलं नाही. मी माझी तबकडी न फेकताच घरी आलो. तो एका शब्दाने भांडला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

आज शपथेवर लिहितो: मी पाहिलं. सुटल्यापासून टोपलीत पडेपर्यंत पाहिलं. अजूनही डोळे मिटले की दिसतं. पंकजाने फळीवर त्याचं नाव रंगवावं.

वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून त्याला काही ठेवलेलं नाही. मला त्याची साक्ष हवी आहे. मी त्याला दिली नव्हती, तेव्हा त्याने नाही म्हटलं तरी माझी तक्रार नाही.

ठिकाण: अहिल्यानगर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५
सही: गोरक्ष रंगनाथ वाकळे

साक्षीदार:
१. हनुमंत दळवी, बागेचे पहारेकरी (सही)
२. फक्रुद्दीन बागवान (सही)
पूर्ण वाचून सही केली. नाव तू स्वतः येऊन रंगव. आणि त्या दिवशी तुझी फेक राहिली हाय.