आईची रोजची बावन्न मिनिटं

४ जानेवारी, शनिवार
साताऱ्याहून आत्ताच परत. ख्रिस्ती कुटुंबांसाठी उपयुक्त मोबाईल ॲप्स, एकदिवसीय कार्यशाळा. अकरा ॲप्स शिकवली. मी चौदा डाउनलोड केली. जेवणात पुऱ्या गार होत्या, पण सर्टिफिकेट रंगीत आहे.
संकल्प: ईस्टरच्या आत सगळं घर डिजिटल भक्तीवर आणायचं.

५ जानेवारी, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांना सुचवलं, की आपल्या मंडळीला एक डिजिटल समन्वयक हवा. कोण ते मी सांगितलं नाही. मी सर्टिफिकेट फक्त हातात धरलं होतं. ते म्हणाले, बघू.
म्हणजे नेमणूक झाली. व्हॉट्सॲपवर पदनाम बदललं.

६ जानेवारी, सोमवार
कुटुंबाची मीटिंग. उपस्थिती: मी, आई, विजयमाला (बायको, मिरजेला नर्स, मीटिंगभर पाय चोळत होती) आणि राजनंदिनी (कन्या, बीएस्सी, मीटिंगभर स्वतःच्या फोनमध्ये).
सगळ्यांच्या फोनवर शास्त्रवाचनाचं, म्हणजे बायबलचं, ॲप टाकलं. फॅमिली ग्रुप केला. कोणी किती मिनिटं वाचलं किंवा ऐकलं, ते मला डॅशबोर्डवर दिसणार.
आईचा प्रश्न सगळ्यात सुंदर सुटला. तिचा डावा डोळा गेलेला, उजव्याला फक्त उजेड कळतो. दादा (वडील) वारल्यापासून रोज संध्याकाळी साडेसहाला मीच तिला एक अध्याय वाचून दाखवतो. रोज म्हणजे आठवड्यातून तीनदा. आता ॲप वाचेल. भारदस्त आवाज, एक चूक नाही.
आईने विचारलं, मग तू काय करणार? मी म्हणालो, देखरेख.
विजयमालाला ठसका लागला.

८ जानेवारी, बुधवार
साडेसहाचा अर्धा तास मोकळा. त्यात हिब्रू शिकणार. मूळ भाषेशिवाय खरा अभ्यास नाही. ॲपमध्ये कोश आहे. आज चार अक्षरं केली. मग डोळ्यांना आराम म्हणून मॅच लावली.

१३ जानेवारी, सोमवार
हिब्रूची अठरा अक्षरं बाकी. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. हे आधी सांगायला हवं होतं. स्थगित.

१७ जानेवारी, शुक्रवार
डॅशबोर्ड:
आई – रोज बावन्न मिनिटं!
राजनंदिनी – तीन मिनिटं. (एकूण.)
विजयमाला – ग्रुपमधून बाहेर. म्हणते चुकून झालं. दोनदा चुकून झालं.
मी – बाराच्या बारा दिवस हिरवे. पद्धत सोपी आहे. सोमवारी सकाळी आठवड्याभराच्या सगळ्या अध्यायांवर 'पूर्ण' दाबून टाकायचं. नियोजन म्हणतात ते हेच. वाचन नंतर कधीही करता येतं.

२६ जानेवारी, रविवार
सुट्टी. कन्येबरोबर ॲपमधली क्विझ. वयोगट सहा ते आठ. मला दहापैकी चार. प्रश्न संदिग्ध होते. कन्येने स्क्रीनशॉट काढून मावशीला पाठवला. तरुण पिढीत गांभीर्य नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
ऐतिहासिक दिवस. चर्चमध्ये सूचनांच्या वेळी पाच मिनिटं मिळाली, सतरा बोललो. आईचं उदाहरण दिलं. अठ्ठ्याहत्तर वय, दिसत नाही, तरी रोज बावन्न मिनिटं! महिला मंडळातल्या दोघींनी डोळे पुसले. पाळकसाहेब म्हणाले, बुधवारी संध्याकाळी घरी येतो, आईंना भेटायचंय.
विजयमाला घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत होती. भारावली असावी.

५ फेब्रुवारी, बुधवार, रात्री आठ
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
साडेसहाला पाळकसाहेब आणि महिला मंडळातल्या दोघी आल्या. मी त्यांना दारातच हळू बोलायला सांगितलं, कारण आतून वाचन ऐकू येत होतं. चपला काढून आत गेलो.
खाट रिकामी. उशीवर फोन. फोनवर शाल, नीट पांघरलेली. शालीतून तो भारदस्त आवाज उशीला वाचून दाखवत होता.
पाळकसाहेबांनी थोडा वेळ मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, उच्चार स्पष्ट आहेत.
तेवढ्यात विजयमाला ड्यूटीवरून आली. आई कुठे आहेत, पाळकसाहेबांनी तिला विचारलं. म्हणाली, शेजारी जरिनाकडे, रोज असतात. तिला माहीत होतं. राजनंदिनीला माहीत होतं. आमच्या माधवनगरच्या निम्म्या गल्लीला माहीत होतं. देखरेख फक्त मी करत होतो.
जरिनाभाभी ब्लाउज शिवतात. नवरा सिकंदर यंत्रमाग दुरुस्त करतो. आई शाळेत शिकवायची तेव्हा त्या तिसरीत तिच्या विद्यार्थिनी होत्या. आम्ही गेलो तेव्हा मशीन बंद होतं, कापडं बाजूला सारलेली, आणि कापायच्या टेबलावर आमच्या घरातलं जाडं शास्त्र. भाभी वाचत होत्या. आई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, तिथं स्वल्पविराम हाय, थांब जरा. भाभी मागे गेल्या, थांबल्या, पुढे वाचलं.
मी म्हणालो, तुम्हाला उगाच त्रास. भाभी म्हणाल्या, त्रास कसला, बाईंनी जोडाक्षरं शिकवली, अजून चुका काढत्यात.
पाळकसाहेब चहा घ्यायला बसलेसुद्धा.
मी आईला विचारलं, ॲपमध्ये काय कमी आहे?
"त्या फोनमधला माणूस चांगला हाय रं," आई म्हणाली. "पण मला ठसका लागला तरी तो आपला वाचतच ऱ्हातो."
मग फोन चालू कशाला ठेवतेस?
"तू रोज आकडा बघतोस. तुला बरं वाटतं."
मी चहाचा घोट घेतला. चहात साखर जास्त होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार
शांतपणे विश्लेषण. दोष तंत्रज्ञानाचा नाही, वापरकर्त्याचा आहे. तरी उद्यापासून मी स्वतः वाचणार. खंड नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
वाचलं. चष्मा ऑफिसात राहिला होता, त्यामुळे काही शब्द अंदाजाने घेतले. आईने अकरा ठिकाणी थांबवलं. दोनदा फोन आला, एकदा मीच केला. सातच्या सुमाराला आईने विचारलं, झालं का रं? मग चपला शोधू लागली. मी हाताला धरून शेजारच्या दारापर्यंत सोडलं.

९ फेब्रुवारी, रविवार
मंडळीत नवा उपक्रम जाहीर. ज्यांना दिसत नाही किंवा घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवायचं. नऊ नावं वाचली. विजयमालाचं आहे. तीन पाळ्या करून तिला वेळ आहे. माझं नाही. पाळकसाहेबांनी माझा खांदा थोपटला आणि माइकची वायर गुंडाळायला सांगितली.
व्हॉट्सॲपवरचं पदनाम काढलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
साडेसहाला घर फार शांत होतं. फोन चार्जिंगला लावून शेजारी गेलो. जागा नव्हती, म्हणून चिंध्यांच्या पोत्यावर बसलो. आलोच आहे तर चार शब्द प्रास्ताविक करावं म्हणून घसा खाकरला. भाभी वाचायच्या थांबल्या.
आई म्हणाली, "कोण आलंय?"
"तुमचा वीरधवल, बाई."
आईने हात पुढे करून माझा गुडघा चाचपला.
"बस. पण मधी बोलू नगंस."
बसलो.