तुझं अंमळ म्हणजे किती?

प्रिय ताई,

उद्या सकाळी सरांना माझी सही हवी आहे, आणि विचारायला तुझ्याशिवाय मला कुणी नाही. म्हणून हे पत्र. तू गेल्याला वर्ष होत आलं, आता कसली पत्रं लिहितेस, असं म्हणू नकोस.

सांधेदुखीचं ते औषध आठवतं? आपल्या गोखिवऱ्याच्या लॅबमध्ये उंदरांना दिलेलं. त्यांची लिव्हर तू तपासलीस आणि लिहिलंस, 'अंमळ चरबी'. टायपिस्टने त्याचं 'माइल्ड' केलं. आता कंपनीचा फॅक्स आलाय. औषध माणसांना देण्याआधी, तू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या लिव्हरच्या त्याच काचपट्ट्या दुसऱ्या कुणीतरी पाहाव्यात म्हणे. दुसरं कुणीतरी म्हणजे मी.

पाहिल्या गं, पुन्हा पुन्हा पाहिल्या. मला ती चरबी अंमळ दिसत नाही. बरीच दिसते. मग वाटतं, ताई कशी चुकेल? असं वाटलं की माझे डोळे लगेच तुझ्या बाजूने बघायला लागतात.

तुझं अंमळ म्हणजे किती? वाडीत बाबा 'अंमळ पाणी सोड' म्हणायचे, तेव्हा केळीचं आळं तुडुंब भरायचं. आई 'अंमळ मीठ' म्हणते, ते चिमटीत मावतं. तू कुणाचं घेतलंस, बाबांचं की आईचं? खाली एक ओळ लिहून ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं!

आणि औषध खाल्लेले उंदीर कोणते, हे पट्ट्या पाहण्याआधी तुला ठाऊक होतं का? ठाऊक असलं की नजर आपोआप झुकते गं. एकदा विचारलं, तर म्हणालीस, "मला काय उंदरांशी सोयरीक करायचीय?" तेव्हा मीही हसले होते. आज रडू येतंय.

सर म्हणतात, "ताईंनी बघितलंय ना? मग तू फक्त सही मार. कशाला लफडं?" आईला वाटतं, तुझ्या माघारी मी तुझ्या कामात खोट काढतेय. काल माझं ताट वाढलं आणि उठून गेली.

मला तुझा राग येतो, ताई. एवढी हुशार तू, आणि सगळं डोक्यात घेऊन निघून गेलीस! आईचेही गुडघे दुखतात. तिला देशील का या गोळ्या? सांग ना, देशील?

तुझं उत्तर येणार नाही, हे कळतं मला. म्हणून उद्या लिहीन, मला जास्त दिसलं. आधीच्या शब्दाचा अर्थ कुठेच दिलेला नाही, ताळा जुळत नाही. कोणती पट्टी औषधाच्या उंदराची ते झाकून त्या तिसऱ्याकडे पाठवा, आपल्याला कुणालाच न ओळखणाऱ्याकडे. नोकरी गेली तर गेली.

तो तुझ्यासारखंच म्हणाला, तर मी चुकले हे सगळ्यांत आधी आईला सांगेन. माझ्यासारखं म्हणाला, तर तिला कधीच काही सांगणार नाही. हे वचन.

तुझीच धाकटी,
नलू