पळीचे दोन ठोके

दि. ४ जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तू धाडलेलं कुत्र्याचं पिल्लू सुखरूप पोचलं. रंग थेट माझ्या पुस्तकबांधणीच्या पुठ्ठ्याचा, म्हणून नाव ठेवलं पुठ्ठ्या. तुझी वहिनी गेल्यापासून घर मला खायला उठतं, आणि हा पाहुणा मात्र काही केल्या खायला उठत नाही! दूध दिलं, पोट बिघडलं. दुकानदाराच्या सांगण्यावरून हाडांसाठी कॅल्शियमची पूड घातली, तर वाडग्याकडे पाठ करून बसला. दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी बसतो आणि वर बघून शेपूट हलवतो. तिथं कुणी नसतं.

तू प्राण्यांची डॉक्टर, तूच सांग. हा जगेल ना? या घरातून आणखी कुणाला जाताना बघायची माझ्यात ताकद नाही.
लोभ आहेच, पण उत्तर लवकर दे.
तुझा दादा

दि. ११ जून

ती. दादास सा. न.
दुकानदाराचं ऐकायचं तर मला डॉक्टर कशाला केलंस? दूध आणि पूड आजच बंद. पंजे पाहता तो थोराड होणार. अशा पिल्लांची हाडं भराभर वाढली की वाकतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं आण, कोमट पाण्यात भिजव आणि दिवसातून चारदा थोडं थोडं दे. मीठ, कांदा, लसूण नको. फासळ्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत.

आणि तुझं ते पुस्तकं चिकटवायच्या खळीचं पातेलं उंचावर ठेव. त्यातलं मोरचूद किडीला मारतं तसं पिल्लालाही मारेल. वर बघतो ती पाल असेल. तू वेळेवर जेवतोस ना?
माया आहे ती राहू दे.
तुझी धाकटी

दि. १९ जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. पुठ्ठ्या खायला लागला, पण कसा ते ऐक. चार दिवसांपूर्वी दुपारी पानं शिवताना डोळा लागला. पातेलं उचलायचं राहिलं होतं. डोळे उघडले तर याचं नाक खळीपाशी! मी उठेपर्यंत कारभार आटोपला असता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कढईच्या काठावर पळीचे दोन ठोके आले. तुझी वहिनी मला जेवायला अशीच बोलवायची. पुठ्ठ्या खळ सोडून आत पळाला. मी मागोमाग गेलो. खिळ्याला टांगलेली पळी हलत होती आणि हा भिजवलेलं खाणं चाटूनपुसून खात होता.

तेव्हापासून ठोके रोज येतात. पातेलं माळ्यावर गेलं. दादाला वेड लागलं म्हणशील. म्हण. मला भीती वाटते आणि बरंही वाटतं.
आहे तशी माया ठेव.
तुझा दादा

दि. २६ जून

ती. दादास सा. न.
वेड लागलं म्हणणार नाही. आधी हसले, मग तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली. त्यांत पुठ्ठ्याच्या घासाघासाची खबर आहे, तुझ्या पानात काय पडलं ते कुठेच नाही. मी विचारलं, तू ते गिळून टाकलंस. दादा, वहिनीनं जन्मात कुणा मांजराकुत्र्याला पळी वाजवून बोलावलं नाही. ती तुलाच बोलवायची. पुढच्या वेळी ठोके आले की ताट घे आणि बस.
रागावलेय, तरी लोभ तसाच.
तुझी धाकटी

दि. ८ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझं ऐकलं. ठोके आले तसा ताट घेऊन बसलो, पोटभर जेवलो. पुठ्ठ्या शेजारी त्याच्या वाडग्याशी होता. रोज जेवू लागलो आणि ठोके थांबले. पुठ्ठ्या आता आपणहून खातो, अंगानं भरलाय. फासळ्या तू सांगितल्यास तशाच आहेत. सगळं सुरळीत आहे, फक्त घर अगदी गप्प झालंय. मला ते सोसलं नाही गं.

काल मुद्दाम जेवलो नाही. पुठ्ठ्याला घातलं आणि रिकाम्या पोटी, कान आत लावून कामाला बसलो. दिवेलागणीला दोन ठोके आले. मग आणखी एक, जोरात. ती चिडली की वाजवायची तसा. पुठ्ठ्या जागचा हलला नाही, माझ्याकडे बघत राहिला. मी उठलो.

आज जेवलोय. लोभ ठेव, आणि उद्याचं विचारू नकोस.
तुझा दादा