बसलेल्या पोरीला खो

चि. चतुरीस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी बरी हाय. ऊस तोडताना बोटाला कोयता लागलता, पर आता खपली धरलीय. आई टँकरचं पाणी एकटीच वाहती का?

आण्णा इथं कारखान्यावर आलते. विहीर आटली म्हणून मुकादमाला म्हणले, "धाकटीचं लगीन लावून जोडी करतो, आणखी एक कोयता धरा." माझंबी लगीन लावून असाच नवरा-बायकोचा कोयता झालता.

बाई शिकवायच्या, खो मिळाल्याबिगर उठायचं न्हाई. मला कुणी दिलाच न्हाई.

सोमवारी लिंबागणेशला तुमची मॅच हाय ना? तिथून बाईंसंगं थेट अंबाजोगाईच्या वसतिगृहात जा. घरी परतू नको. खो देणारी तुझ्या जागी बसती, ठाऊक हाय ना? आण्णांच्या शिव्या खायला मी बसलेय.

खो!

तुझी केशर